जावक रजिस्टर

एम.कॉम.चा निकाल लागला त्या आठवड्यात आमच्या घरी तीन नोकऱ्या चालून आल्या, आणि तिन्ही आईनेच आणल्या होत्या. आई नगरच्या एका दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे तिच्या ओळखींना तोटा नव्हता. एक नोकरी दवाखान्याच्याच ऑफिसात होती, एक शाळेत, आणि एक बँकेत. त्या बँकेच्या नोकरीसाठी "फक्त परीक्षा द्यायची, बाकी देव बघेल" असं तिचं म्हणणं होतं. मी चौथीच घेतली. पुण्यात एक छोटी कंपनी होती, लोकांचे पैसे शेअरमध्ये गुंतवून सांभाळणारी. तिथे सहा महिने शिकाऊ म्हणून राहायचं, काम बरं वाटलं तर पक्कं करतील, असं ठरलं होतं. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण ती भाकरी एका बाजूने जाड आणि एका बाजूने पातळ झाली. आमच्या आईच्या हातून असं कधी होत नसे. ती भाकरी तिने मलाच वाढली.

बाबा शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "हा सट्टा नाही, हे मला एका वाक्यात समजावून सांग. सांगता आलं तर जा." मी म्हणाले, "कंपनीचा एक तुकडा आपला होतो, ती कमावेल तर आपण कमावू." बाबांनी विचारलं, "आणि ती खोटं बोलली तर?" मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते आणि मला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येत होतं. "ते ओळखायचाच तर पगार देणार आहेत," मी म्हणाले. बाबा हसले. आईने मात्र तव्यावरची भाकरी उलटताना जरा जास्तच आवाज केला.

आमचं घर स्टेशनच्या बाजूला होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे मोरी आणि एक सीताफळाचं झाड. दिवसाला आवाजांचं वेळापत्रक असायचं. पहाटेची गाडी, मग चर्चची घंटा, मग बाबांची पेटी. बाबा शाळेला जाण्यापूर्वी अर्धा तास पेटीवर भजन वाजवत. त्यातली एक पट्टी बसलेली होती आणि ती कधी दुरुस्त झाली नाही, त्यामुळे ती भजनं मला आजही त्या एका गाळलेल्या सुरासकटच आठवतात. मध्येच कधीतरी लष्कराच्या तोफांचा सराव सुरू व्हायचा. लांबून धप्प असा आवाज यायचा आणि कपाटातल्या काचेच्या बशा किणकिणायच्या. पाहुणे दचकत. आम्ही बोलत असलेलं वाक्यही मध्ये तोडत नसू. रविवारी उपासना झाली की घरोघरी मटणाचा वास सुटायचा, आणि एखाद्या घरातून आला नाही तर आई संध्याकाळी चौकशीला जायची.

आमच्या मागच्याच अंगाला याकोबमामांचं घर. ते आईचे थोरले भाऊ. कर्जतकडच्या खेड्यातून आलेले, आणि नगरला तीस वर्षं राहूनही बोली तिकडचीच. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर ते कारकून होते. कोणती गाडी आली, कोणती गेली, तिच्यात काय होतं, हे रजिस्टरात लिहायचं त्यांचं काम. चर्चचे खजिनदारही तेच. त्यांच्या घरावर पत्रे होते आणि आयुष्यात एकच इच्छा होती की त्या पत्र्यांच्या जागी स्लॅब पडावा. मला पुण्याला शिकायला पाठवायचं की नाही यावर नातेवाइकांत दोन वर्षं खल चालला होता, तेव्हा मामा एका सकाळी माझी ट्रंक खांद्यावर घेऊन एसटी स्टँडकडे चालायला लागले आणि म्हणाले, "चल गं बाय, ह्यांचं बोलनं हुईस्तोवर तुझं कालेज संपंल." मी त्यांच्या मागून गेले. माझ्या सगळ्या शिक्षणाचा निर्णय एवढाच झाला.

पुण्यातलं ऑफिस म्हणजे एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या तीन खोल्या. मालक मेहेंदळे सर. उंच, किडकिडीत, सदैव सर्दी झालेले. आम्हा शिकाऊंना ते आडनावाने आणि "अहो-जाहो"ने बोलवत. त्यांच्या पद्धती तऱ्हेवाईक होत्या. कंपनीचा वार्षिक अहवाल ते शेवटच्या पानापासून वाचायला लावत. "पुढच्या पानांवर कंपनी नटवलेली मुलगी दाखवते, मागच्या पानांवर घरातली देणी," असं ते म्हणायचे. बारीक अक्षरातल्या टिपा आधी, ताळेबंद नंतर, आणि अध्यक्षांचं भाषण वाचलं नाही तरी चालेल. पहिला महिनाभर मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी येऊन तेच पुन्हा वाचायचे. मग एक दिवस एका टिपेवर नजर अडकली, ती खालच्या आकड्याशी जुळत नव्हती, आणि मला जो आनंद झाला तो मी कोणाला सांगूही शकले नाही, कारण सांगायला गेलं तर काय सांगणार? पण त्या दिवशी मला कळलं की हे काम मला आवडणार आहे. बाबा पेपर तपासताना एखाद्या मुलाची चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली ते शोधून काढत आणि स्वतःशीच "हं" म्हणत. तसलाच तो आनंद होता.

सरांचा एक नियम सगळ्यात कडक होता. कोणताही शेअर घ्यायच्या आधी त्या कंपनीच्या गेटसमोर एक पूर्ण दिवस उभं राहायचं. किती माणसं आत गेली, हसत गेली की मान खाली घालून, किती माल बाहेर पडला, चहावाल्याची उधारी किती दिवसांची आहे, हे सगळं लिहून आणायचं. आता सगळं मोबाईलवर येतं. परवा भाजी घेताना एक ओळखीचे गृहस्थ तिथेच पिशवी दोन पायांत धरून शेअरचे भाव बघत होते आणि मला म्हणाले, "मॅडम, हा कसा आहे?" मी विचारलं, ही कंपनी काय बनवते? त्यांना माहीत नव्हतं. मी मेथीची जुडी उचलली आणि निघाले. मी जरा तुसडी आहे असं नगरमध्ये म्हणतात, ते खोटं नाही.

चौथ्या महिन्यात सरांनी मला माझी पहिली स्वतंत्र कंपनी दिली, आणि ती नेमकी मामांची निघाली. दूध थंड करायच्या स्टीलच्या टाक्या बनवणारी. आपल्या जिल्ह्यात गावोगाव डेअऱ्या, त्यामुळे धंदा चांगला दिसत होता. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ती आता नाही, आणि तिच्यात काम केलेली माणसं आहेत. मी सरांना सांगितलं की माझे मामा तिथे गेटवर आहेत. सर नाक पुसत म्हणाले, "मग उन्हात उभं राहावं लागणार नाही."

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. कंपनीची सहामाही संपत आली होती. मी दिवसभर गेटच्या केबिनमध्ये मामांच्या शेजारी स्टुलावर बसले. मामांना केवढा अभिमान वाटत होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ते सांगत होते, "ही आमची भाची. पुन्याची साहेब हाय." दुपारी त्यांनी डबा उघडला, मामीने माझ्यासाठी म्हणून दोन अंडी जास्त दिली होती. आणि टेम्पोमागून टेम्पो बाहेर पडत होते, एकेकावर खोलीएवढी चकचकीत टाकी, दोरखंडाने आवळलेली. मी मोजत होते. मग मी मामांना विचारलं, "मामा, माल बाहेर गेल्याची नोंद बघू का?" त्यांनी जावक रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. सहा महिन्यांची पानं मी उतरवून घेतली. प्रत्येक टाकीला नंबर, प्रत्येक नंबरापुढे मामांचं ठसठशीत अक्षर. आज असं कोणी नात्यातल्या माणसाकडून कंपनीचं रजिस्टर बघितलं तर दोघांनाही नोटीस येईल, आणि ती यायलाच हवी. तेव्हा नियम ढिले होते, आणि आमच्या मनात काही वावगं नव्हतं, एवढंच मी म्हणते.

रजिस्टरातल्या टाक्यांची मी बेरीज केली, आणि ती कंपनीने पुढच्या आठवड्यात जाहीर केलेल्या विक्रीशी अगदी जुळली. मी अकरा पानांचा अहवाल लिहिला आणि शेवटी एक शब्द: घ्यावा. सरांनी तो दोनदा वाचला, चार प्रश्न विचारले, आणि लोकांचे पैसे त्या कंपनीत घातले. त्या दिवशी मी बसस्टॉपवर न जाता रिक्षाने खोलीवर गेले, एवढं मला मोठं झाल्यासारखं वाटलं.

मी घरी अहवालाबद्दल काही बोलले नव्हते. पण आमच्या गल्लीत न बोलल्यानेही बातमी जाते. मी गेटवर दिवसभर बसून लिहून नेलं आणि पंधरा दिवसांत भाव चढला, यावरून मामांनी जे समजायचं ते समजून घेतलं. त्यांनी स्लॅबसाठी फंडातून काढलेले पैसे त्या शेअरमध्ये घातले. आणि मामा एकटे काही करणारे नव्हतेच. चर्चच्या गायन मंडळातल्या सात घरांना त्यांनी सांगितलं. खजिनदाराने सांगितलं म्हटल्यावर लोकांनी विचारलंही नाही. हे मला दिवाळीनंतर कळलं, तेव्हा मी आईवर चिडले. आई म्हणाली, "तू चांगलं काम केलंस असं वाटलं म्हणून घेतले ना त्यांनी? मग चिडतेस कशाला?"

नोव्हेंबरात आमचा हंगामाचा सण आला. ज्यांना हा सण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवं पीक घरात आलं की त्यातला वाटा लोक चर्चमध्ये आणतात. ज्वारी, बाजरीची कणसं, ऊस, कोंबड्या, अंडी, एखादं बोकड, आणि शहरातल्यांचं पीक म्हणजे घरी केलेला केक किंवा विणलेला स्वेटर. उपासना झाली की अंगणात मांडवाखाली त्याचा लिलाव होतो. हा लिलाव बाजारासारखा नसतो. लोक मुद्दाम चढ्या बोल्या लावतात, एकमेकांना डिवचतात, आणि घेतलेली वस्तू पुष्कळदा तिथल्या तिथे परत देतात, म्हणजे ती पुन्हा लिलावात निघते. पैसे चर्चला जातात, वस्तू फिरत राहते. त्या वर्षी एक भोपळा होता, कोपरगावकडच्या एका कुटुंबाने आणलेला, दोन हातांत न मावणारा. एका डॉक्टरांनी तो घेतला आणि परत दिला. मग त्यांच्या मेव्हण्याने त्यांच्यावर कुरघोडी करून घेतला आणि परत दिला. पाच वेळा तो भोपळा विकला गेला. लोक हसून बेजार. मामा टेबलाशी बसून कार्बन लावून पावत्या फाडत होते.

लिलाव संपला आणि प्रीतिभोजनाच्या पंगती बसल्या. मी मामांच्या शेजारी होते. पत्रावळीवर भात आणि मटणाचा रस्सा. मी गमतीने म्हणाले, "मामा, भोपळा एक आणि पावत्या पाच. हिशेबात पाच भोपळे दिसणार." मामा घास खाली ठेवून हसले. "अगं, आमच्या कंपनीत बी असलाच एक भोपळा हाय. एकशेबारा नंबरची टाकी. कडंला अशी चेपल्याली हाय म्हनून मला वळखू येती. सा महिन्यात तीनदा गेली अन् तीनदा आली. म्या म्हनलं बी ड्रायव्हरला, हिचं सासरी पटंना वाटतं."

मी विचारलं, "आली म्हणजे?"

"दुरुस्तीला म्हनून येती. ती एकटीच न्हाई. लई येत्यात. तिमाही सरली की आठ दिसांनी येत्यात, मनमाड रोडच्या गोडाऊनातनं."

"मग ते तुम्ही लिहिता कुठे?"

"आवक रजिस्टरात. आलेलं आवकमदी, गेलेलं जावकमदी." मामांनी माझ्याकडे बघितलं. "तू जावक मागितलंस. म्या जावक दिलं."

  सोमवारी सकाळी मी पुण्याची एसटी न पकडता मामांबरोबर गेटवर गेले आणि आवक रजिस्टर मागितलं. मामांनी ते तितक्याच सहज पुढे सरकवलं. तासाभरात नंबरांना नंबर जुळले. निम्म्या टाक्या कोणत्याही डेअरीत पोचल्याच नव्हत्या. त्या गोडाऊनपर्यंत जायच्या, कागदावर विकल्या जायच्या, आणि परत यायच्या. मामांनी सगळं जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. जावकमध्येही काही नंबर दोनदा होते, पण मी नुसती बेरीज केली होती. दोन्ही रजिस्टरं शेजारी ठेवून बघायचं कोणाला सुचलं नव्हतं, आणि ज्या मुलीला त्याचाच पगार मिळत होता तिलाही नाही.

दुपारी मी सरांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "चूक कुठे झाली, साळवे?"

"मी बाहेर जाणाऱ्या गाड्या मोजल्या. आत येणाऱ्या मोजल्या नाहीत."

"का?"

"मामा खोटं बोलणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून मी पुढे विचारलंच नाही."

"मग, बोलले का ते खोटं?"

"नाही."

सरांनी नाक पुसलं. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "या शेअरला गिऱ्हाईक थोडं. एकदम विकले तर भाव कोसळेल. रोज थोडे थोडे काढावे लागतील, आठ-दहा दिवस जातील. तोवर बाहेर एक शब्द जाता कामा नये. आपल्याकडे ज्यांनी पैसे ठेवले त्यांचं आधी बघायचं, स्वतःचं आणि घरच्यांचं नंतर. तुमच्या घरी कोणाकडे आहेत का हे शेअर?"

"मामांकडे. आणि चर्चमधल्या सात घरांत."

 "मग या शनिवारी नगरला जाऊ नका," एवढंच सर म्हणाले.

पण शनिवारी मी गेले नसते तर रविवारी आई पुण्यात येऊन उभी राहिली असती. मी गेले. सुप्याचा घाट उतरेपर्यंत मनाशी घोकत होते की बोलायचं नाही. मला नोकरी जायची भीती होती, ते मी लपवत नाही. पण तेवढंच नव्हतं. आमच्याकडे पैसे ठेवणाऱ्यांत एक म्हातारी विधवा बाई होती, दर महिन्याला स्वतः जिना चढून यायची आणि सरांना विचारायची, "माझं आहे ना हो ठीक?" मी मामांना आधी सांगितलं असतं तर मामा विकणार, मग सात घरं विकणार, भाव पडणार, आणि त्या बाईचं ठीक राहिलं नसतं. मी हे सगळं पक्कं ठरवून घरी पोचले, आणि आई म्हणाली, "मामाकडे जेवायला बोलावलंय. शेंगोळी केलीत तुझ्यासाठी."

हुलग्याची शेंगोळी मामीसारखी कोणी करत नसे. लसूण-मिरचीचं वाटण, वर कच्चं तेल, आणि हातावर वळलेली ती बोटभर वेटोळी. मामी वाढत होती. पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजत होती. मामा म्हणाले, "औंदा पाडव्याला स्लॅब टाकू म्हनतो. शेअर बरा चालला तर." आणि मग सहज विचारलं, "बरा हाय न्हवं गं आपला शेअर?"

मी ताटाकडे बघत म्हणाले, "मामा, मला त्याबद्दल बोलता येत नाही."

"बरं," मामा म्हणाले. मामीने विचारलं, "अजून घे की, काय झालंय तुला?" मी म्हणाले, प्रवासाने जेवण जात नाही. मामांनी विषय बदलला. गेटवर एका ड्रायव्हरने कुत्र्याचं पिल्लू आणून ठेवलंय, असलं काहीतरी सांगत राहिले. रविवारी उपासनेत ते गायन मंडळाच्या मागे नेहमीच्या जागी उभे होते, आणि मी त्या सात घरांतल्या माणसांकडे बघायचं टाळत होते. त्यांत एक फ्रिडाबाई होत्या, मला लहानपणी पेटी शिकवणाऱ्या. त्या माझ्याजवळ येऊन माझा गाल चिमटून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या गुरुवारी आमचे शेवटचे शेअर विकून झाले. त्यानंतर महिन्याच्या आत त्या कंपनीचे ऑडिटर राजीनामा देऊन गेले, वर्तमानपत्रात आलं, आणि शेअर कागदाच्या किमतीला आला. कारखाना काही दिवस चालला, मग गेटला कुलूप लागलं. मामांची नोकरी गेली. एका रविवारी उपासना संपल्यावर ते सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले की म्या सांगितलं म्हनून तुमी घेतलं, चूक माझी हाय, खजिनदारी आजपासनं दुसऱ्या कुनाला द्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. फ्रिडाबाई आमच्याशी पुढे कित्येक वर्षं बोलल्या नाहीत, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

मी त्यानंतर मामांना भेटले तेव्हा ते पडवीत बसून कोणाच्या तरी सायकलचं पंक्चर काढत होते. मी समोर बसले आणि जे मनात होतं ते सांगून टाकलं. की मला माहीत होतं, त्या शनिवारी जेवताना माहीत होतं, आणि मी गप्प बसले. बोलता बोलता मला रडू आलं. मामांनी ट्यूब पाण्यात दाबून धरली होती, तिचे बुडबुडे बघत ते म्हणाले, "म्हाईत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"तू शेंगोळी टाकून उठलीस. आजवर कवा टाकलीस का? मला तवाच कळालं."

 "मग विकले का नाहीत, मामा? सोमवारी विकता आले असते. निम्मे तरी हाती आले असते."

त्यांनी ट्यूब बाहेर काढली, पुसली. "म्या सोमवारी इकलं असतं तर मंगळवारी गल्लीला कळालं असतं. सात घरं धावली असती. मग समदे म्हनले असते, भाचीनं सांगितलं. तुझ्या सायबाच्या कानावर गेलं असतं. तुला काय सांगितलं हुतं त्यांनी, बोलायचं न्हाई, आसंच ना?"

"हो."

"मग तू बोलली न्हाईस. अन् मला कायबी म्हाईत नव्हतं. आसंच हाय ते. कुनी इचारलं तर आसंच सांगायचं." मग ठिगळाला सोल्यूशन लावताना म्हणाले, "लोकांचं मला लई वाईट वाटतं. म्या त्यांना घ्याया सांगितलं अन् इकाया सांगता आलं न्हाई. पन दोन्ही कसं जमंल?"

मी पुढे तीस-बत्तीस वर्षं लोकांचे पैसे सांभाळले. पुण्यात, मग मुंबईत, कधी फार मोठे आकडे. नव्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी आत येणाऱ्या गाड्या मोजायला सांगते असं माझ्याबद्दल सांगितलं जातं, ते खरं आहे. त्या सात घरांत मी नंतर काय केलं, कोणी पैसे घेतले आणि कोणी दार लावून घेतलं, तो माझा आणि त्यांचा प्रश्न आहे. मामांना सांगणं चूक ठरलं असतं यावर मी आजही ठाम आहे. पण मी सांगितलं नाही, असं म्हणायची सोय मला राहिली नाही. "मला बोलता येत नाही" असं ताटाकडे बघत म्हणणं आणि सांगणं यांत फरक किती? मी तोंड उघडलं होतं. झाकलं ते मामांनी, स्वतःचं घर पत्र्याचं ठेवून.

मामांशी पडवीत ते बोलणं झालं त्या महिन्याच्या अखेरीस मेहेंदळे सरांनी मला पक्कं केल्याचं पत्र दिलं. टाइप केलेलं, खाली शाईची सही. अहवालातल्या चुकीचा त्यात स्पष्ट उल्लेख होता, आणि तरीही नेमणूक का करत आहोत ते पुढच्या ओळीत होतं: कुटुंबाचं नुकसान दिसत असतानाही यांनी गुप्तता पूर्णपणे पाळली. मी ती ओळ जिन्यात उभी राहून वाचली. शनिवारी नगरला गेल्यावर आईबाबांना पत्र दाखवलं. बाबांनी मोठ्याने वाचून दाखवलं, आईने देवाचे आभार मानले आणि म्हणाली, "जा, मामाला दाखवून ये." मी पत्र घेऊन मागच्या दाराने निघाले. मामा पत्र्यावर चढून, गळत असलेल्या जागी डांबर लावत होते. वरून त्यांनी विचारलं, "झालं का गं काम पक्कं?" मी म्हणाले, "झालं." "बेस झालं," ते म्हणाले आणि पुन्हा डांबर लावायला लागले. पत्र मी त्यांना दाखवलं नाही. त्यात लिहिलेलं खरं होतं, पण ते माझ्याबद्दल नव्हतं.